मंत्रीमहोदय, फोटो ऑगस्टचा कशाला पाठवता?

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

खातं मुद्दाम लिहिलं नाही. एक खातं म्हणतं खाण आमची नाही, दुसरं म्हणतं झाडं आमची नाहीत, तिसऱ्याचा फोनच लागत नाही. ज्यांना हे पत्र आपलं वाटेल त्यांनी घ्यावं.

गेल्या मंगळवारी माहिती अधिकाराचं उत्तर आलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मी एवढंच विचारलं होतं की आमच्या सोसायटीमागच्या बंद दगडखाणीत जी रोपं लावली त्यातली किती जगली. कायदा 30 दिवस सांगतो, मला 74 दिवसांनी एक पान मिळालं. "जगण्याचे प्रमाण 92 टक्के" आणि सोबत एक रंगीत फोटो, हिरवागार. चष्मा लावून बघितलं तर तो टाकळा आहे हो, पावसाळ्यात आपोआप उगवणारं तण! टाकळा, आणि मध्ये मध्ये गाजरगवत. 35 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, एवढं तरी कळतं मला.

तीन वर्षांपूर्वी तिथेच मांडव घालून तुमच्या माणसांनी सांगितलं होतं की पाच वर्षं दर सहा महिन्यांनी मोजणी करू आणि आकडे फलकावर लावू. फलक आहे अजून. त्यावर सध्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आहे.

मग मोजणी मीच केली. 120 रोपांना पत्र्याचे नंबर बांधले आणि दर महिन्याला फिरले. मागच्या मे महिन्यात 31 जिवंत होती. त्यातली 14 गिरिपुष्पाची, म्हणजे बाहेरून आणलेल्या ग्लिरिसिडियाची, म्हणजे पुण्याच्या टेकड्यांवर एकदा झालेली चूक आता खाणीत. उरलेल्यात हिवर, खैर, दोन बोरी. नुसत्या कातळावर वीतभर मुरूम टाकून खड्डे केले की दुसरं काय होणार? वरची माती आधी काढून बाजूला ठेवायची असते, नंतर परत पसरायची असते, इथली कधीच ट्रकमधून विकली गेली. आणि अशा जागी आधी गवत धरू द्यायचं असतं, पवन्या, मारवेल, कुसळी, मग झुडपं, मग झाडं. पण गवतासोबत फोटो काढायला पाहुणे येत नाहीत ना!

माझे मिस्टर, वय 67, वीस लिटरचे कॅन स्कूटरवर घालून पाणी न्यायचे. मी मुरमावरून घसरले, घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टर, अजून जिना उतरताना कळ येते. त्याआधी अकरा वर्षं क्रशरची धूळ खाल्ली आम्ही, सुरुंग उडाला की कपाटातले कप वाजायचे, सासूबाई खोकत खोकत गेल्या, बाल्कनीचं दार मी कधी उघडं ठेवलंच नाही. हे सगळं तुमच्या 92 टक्क्यांत कुठे बसतं ते सांगा.

आता थोडं कामाचं. माझा भाचा हिंजवडीत नकाशांचं काम करतो. त्याने सेंटिनेल-2 या युरोपच्या उपग्रहाचे फोटो उतरवून ग्राफ काढून दिला. हे फोटो फुकट असतात, साधारण दर पाच दिवसांनी मिळतात, फोटोतली एक चौकट म्हणजे जमिनीवरचे 10 मीटर. पानं लाल प्रकाश पितात आणि जवळचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, परत फेकतात, त्या दोघांच्या हिशोबावरून हिरवेपणा कळतो. आमच्या खाणीची रेघ सप्टेंबरमध्ये वर जाते आणि मार्चला जमिनीवर लोळते, कारण तोवर टाकळा वाळलेला असतो. म्हणून मोजायचं ते एप्रिल-मेमध्ये, ठरलेल्या चौकोनांत, जातीच्या नावासकट, आणि फोटो दरवर्षी त्याच दगडावर उभं राहून. शेजारच्या न खोदलेल्या टेकडीवर काय उगवलंय तेही बघायचं, नाहीतर तुलना कशाशी करणार? यात न जमण्यासारखं काय आहे? कोळशाच्या मोठ्या उघड्या खाणींवर रांचीची सीएमपीडीआय ही कोल इंडियाची संस्था दरवर्षी सॅटेलाइटवरून पाहते की किती जमीन भरली, किती हिरवी झाली. विदर्भातल्या खाणीसुद्धा त्यात येतात. मग पुण्याच्या खडीने काय घोडं मारलंय? जानेवारी 2020 मध्ये तर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खाणकाम संपलं की लीजवाल्याने तिथे परत गवत आणायचं, चारा उगवेल अशी जमीन करून द्यायची. वाचलंय का कुणी?

आणि हे पुणे आहे बरं का. बोटॅनिकल सर्व्हेचं ऑफिस इथे, आघारकर संस्था इथे, दर चौथ्या घरात एक वनस्पतीवाला, आणि तुम्हाला टाकळा ओळखणारा माणूस सापडत नाही! दगड काढताना ब्रास-ब्रासची रॉयल्टी मोजतात, डंपर अडवून पावत्या बघतात, तिथे मोजता येतं बरोबर. 2019 ला महाराष्ट्रात 33 कोटी झाडांची घोषणा झाली होती. राज्याची लोकसंख्या साडेअकरा-बारा कोटी धरली तर माणशी जवळपास तीन झाडं झाली. माझी तीन कुठे आहेत? मिस्टरांची तीन? प्रत्येक सरकार लावतं, कुठलंच मोजत नाही, आणि मोजणाऱ्या बाईला "मॅडम, तुम्ही कुठल्या पक्षाच्या" असं विचारतात. मी कुठल्याच पक्षाची नाही, मला फक्त भागाकार येतो.

ते 92 टक्क्यांचं पान मागे घ्या आणि मे महिन्यात माणूस पाठवा. मी सकाळी सात ते नऊ तिथेच असते, नंबरांची वही दाखवीन. 47 नंबरच्या हिवराला यंदा काटे चांगले आलेत. येताना पाण्याचा एक कॅन घेऊन यायला सांगा, मिस्टरांना आता उचलवत नाही.

आपली (नाईलाजाने),
एक रिटायर्ड शिक्षिका, पुणे