जूनमधल्या फ्रँकनमुथबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, जूनमध्ये आपण जाणार आहोत त्या फ्रँकनमुथसारख्या जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावात एवढी जर्मन जत्रा कशी वाढली, असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर ते अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते.

अमेरिकेतल्या मिशिगनमधलं फ्रँकनमुथ १८४५ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकोनियाहून (बव्हेरिया राज्याचा उत्तर भाग) आलेल्या १५ ल्युथरपंथी ख्रिस्ती माणसांनी वसवलं. जत्रा मात्र शंभराहून जास्त वर्षांनी आली, आणि तीही एका खाणावळीतून. झेंडर कुटुंबाने १९५० मध्ये आपल्या खाणावळीच्या रस्त्यापलीकडचं जुनं फिशर हॉटेल घेतलं. धंदा मंदावला तेव्हा १९५९ मध्ये इमारत वाढवून तिला बव्हेरियन रूप दिलं आणि उद्घाटनाचा सोहळा आठवडाभर केला. लोक लोटले. १९६३ पासून तो अख्ख्या गावाचा ‘बव्हेरियन फेस्टिव्हल’ झाला. मला यात मोलाचं वाटतं ते हे, की मांडव उतरला तरी खाणावळी आणि दुकानं वर्षभर चालतात. जत्रेच्या चार दिवसांवर गावाचं पोट नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. मूळ माणसं फ्रँकोनियाची, पण जत्रेत मिरवतात त्या चामडी तुमानी आल्प्सकडच्या. खरी नाळ गुन्झेनहाउझेनशी आहे. ते फ्रँकोनियातलंच गाव, १९६२ पासून यांचं भगिनी-शहर.

आई, तुझ्या शाकाहारी जेवणाचं नीट वाच. इथलं नाव चिकनच्या पंगतीला: भांडी टेबलावर येतात, हवं तितकं वाढून घ्यायचं. बटाट्याच्या लगद्यावरचा रस्सा कोंबडीचा असतो, तो वेगळा मागायचा. जर्मन बटाटा-सॅलडमध्ये बहुधा डुकराचं मांस आणि व्हिनेगर असतं. आंबवलेला कोबी नुसता शाकाहारीच, पण पुष्कळदा मांसाबरोबर शिजवतात. श्पेट्झलं नावाच्या शेवयांत अंडं असतं. प्रेट्झेल (गाठीच्या आकाराचा खारा पाव) घेताना त्यात चरबी वापरली आहे का, तेवढं विचारायचं.

बाबा, तंबूत पितळी वाद्यांपासून लांबचं बाकडं धरा. समोर बसलात तर बोलणं ऐकू येणार नाही. पोल्का दोनाच्या ठेक्यावर, वॉल्ट्झ तीनाच्या. ताल तुम्हाला लगेच सापडेल. बाकड्यांना पाठ नसते, तेव्हा तुमची कमरेची उशी बॅगेत घाला. मिरवणुकीला सावली शोधून तासभर आधी बसू. जूनमध्येही संध्याकाळी गार वारा सुटतो, आईची शाल हाताशी हवी.

तुमची लेक