प्रकल्पाच्या प्रश्नावर थांबायला लावणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

सहावीच्या वर्गात प्रकल्पाधारित अध्ययन, म्हणजे एखाद्या प्रश्नाचा शोध घेत शिकण्याची पद्धत, सुरू करताना आपण जी मदत केलीत, तिचे आभार केवळ भेटीत मानणे मला पुरेसे वाटले नाही. ही पद्धत वापरू इच्छिणाऱ्या इतर शिक्षकांनाही आपले मार्गदर्शन उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

प्रकल्प म्हणजे पाठ संपल्यावर घरून करून आणायचा तक्ता किंवा प्रतिकृती, अशी समजूत अनेक ठिकाणी असते आणि त्यातले बरेचसे काम पालकांच्याच हातून होते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धती मांडली, तेव्हा त्यांना मुलांनी स्वतः हेतू ठरवून, मन लावून केलेली कृती अभिप्रेत होती, हे आपण सुरुवातीलाच समजावलेत. त्यानंतर आपण सर्वाधिक वेळ दिलात तो प्रश्नाच्या मांडणीला. ‘पाण्याचे महत्त्व’ हा विषय निबंधाला चालेल, पण शोधाला चालणार नाही, असे सांगून आपण मला ‘आपल्या शाळेतील गळक्या नळांतून दिवसाला किती पाणी वाया जाते आणि ते कसे थांबवता येईल?’ या प्रश्नापर्यंत आणलेत.

त्या एका प्रश्नाने गणिताचा तास किती बदलला, हे मला आवर्जून सांगायचे आहे. मुलांनी नळाखाली मोजपात्र धरले, घड्याळ लावले, प्रत्येक मोजणीत आकडा थोडा वेगळा येतो हे पाहिले, आणि मग कोणता आकडा खरा मानायचा यावरून त्यांच्यात वाद झाला. सरासरी शिकवण्याची वेळ हीच, असे आपण आधीच सांगून ठेवले होते. मिनिटाला १० मिलिलिटर गळणारा नळ दिवसाला १४.४ लिटर पाणी घालवतो, हे उत्तर मुलांनी स्वतः काढले, तेव्हा एककांचे रूपांतर कशासाठी शिकायचे हे मला वेगळे सांगावे लागले नाही.

मूल्यमापनाबाबतचा आपला आग्रहही तितकाच मोलाचा ठरला. गटकार्यात एक-दोन मुले राबतात आणि बाकीची त्यांच्या आड राहतात, ही शिक्षकांची जुनी चिंता आहे. निकष कामाच्या आरंभीच मुलांच्या हाती द्यावेत, प्रत्येकाची नोंदवही स्वतंत्र असावी आणि गटातील कोणालाही कोणताही टप्पा समजावून सांगता यावा, ही आपण घालून दिलेली रीत मी तंतोतंत पाळते. पहिल्या मसुद्यावर ‘छान’ असा शेरा न देता नेमके काय सुधारायचे ते लिहावे, या आपल्या सूचनेमुळे मुलांचा अहवाल मुख्याध्यापकांसमोर ठेवण्याजोगा झाला.

वाचनाचा सराव आणि पाढे यांना स्वतंत्र वेळ हवाच, प्रत्येक घटकाचा प्रकल्प करू नये, हेही आपणच बजावले होते. एखाद्या पद्धतीवर एवढे प्रेम असूनही तिच्या मर्यादा इतक्या स्पष्टपणे सांगणारे मार्गदर्शक विरळाच, आणि आपल्याविषयीचा माझा आदर मुख्यतः त्यामुळेच आहे.

पुढील सत्रासाठी शाळेतील ओल्या कचऱ्यावरचे तीन प्रश्न मुलांनी सुचवले आहेत. ते या पत्रासोबत पाठवत आहे. त्यांतला कोणता शोधाला टिकेल, हे आपण सवडीने कळवावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक सहकारी शिक्षिका