बेल्स उडवल्या म्हणून शिव्या कशाला?

मा. संपादक,

परवा आमची आणि शेजारच्या गावाची मॅच झाली, दरवर्षीची खुन्नस, बाकी स्कोअर वगैरे जाऊ द्या, शेवटच्या ओव्हरला पाच रन हवे असताना आमच्या बॉलरने बॉल सोडायच्या आधीच नॉन-स्ट्रायकरच्या, म्हणजे बॉलरच्या बाजूला उभ्या बॅट्समनच्या, बेल्स उडवल्या. गडी चांगला दोन पावलं पुढे गेलेला, बॅट काखेत, नजर समोर. झालं, अर्धं पब्लिक पिचवर आणि आम्ही चीटर! अंपायरनेही घाबरून नॉटआउट दिलं.

अहो पण तो आउटच होता ना. १९४७ च्या सिडनी टेस्टमध्ये आपल्या विनू मांकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला असंच काढलं, तेव्हाही बोंबाबोंब झालीच, पण खुद्द ब्रॅडमन, म्हणजे समोरच्या टीमचा कॅप्टन, त्याने नंतर मांकडांचीच बाजू घेतली. आणि २०२२ पासून तर क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीने हे 'अनफेअर प्ले'च्या नियमातून काढून सरळ रनआउटमध्ये टाकलंय. आधी वॉर्निंग द्यायलाच पाहिजे असंही काही नाही.

खरी गोची अंपायरची आहे. बॅटिंग करणाऱ्या टीमचेच दोघं उभे राहतात, मग बोट वर करायला हात जड होतो (आमची बॅटिंग असली की आमचेही तसेच, खोटं कशाला बोलू). निदान या मॅचला तरी तिसऱ्या गावचे दोघं आणा, आणि हा रनआउट धरायचा की नाही ते टॉसच्या वेळीच ठरवा, बेल्स पडल्यावर नाही.

आपला,
हरलेल्या टीमचा विकेटकीपर