जुना फोन चार्जिंगला लावलाय

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्या काकूंचा सागर उद्या पुण्याला निघालाय, त्याच्याकडे डबा देतेय. चिवड्याखाली हे पत्र आहे, ते आधी वाच. फोनवर बोलायला गेलं की पुन्हा रविवारसारखं व्हायचं. आणि यातलं बरंचसं व्हॉट्सॲपवर टाकण्यासारखंही नाही.

आधी कामाचं. फोन चोरीला गेल्यापासून तुझं ईमेल उघडत नाहीये ना, त्यावर वाट दिसतेय. तुझा जुना फोन सापडला. काच फुटलेला, शिलाई मशीनच्या खणात दोऱ्यांच्या रिळांखाली होता. रात्रभर चार्जिंगला लावला तेव्हा सकाळी चालू झाला. ओमला पॅटर्न पाठ होता. माझ्या फोनवरून नेट दिलं, तर तुझं ईमेल त्यात अजून उघडंच आहे. ओम म्हणतो, नव्या फोनवर 'पासवर्ड विसरला' असं दाबलं की गूगल या जुन्या फोनवर 'तुम्हीच आहात का' म्हणून विचारू शकतं. 'होय' म्हणायचं, दोन्हीकडचा आकडा जुळवायचा. पण हे इथं घरात बसून केलेलं बरं. ओळखीचा फोन आणि नेहमीची जागा असली की त्यांना माणूस ओळखणं सोपं जातं. तू हॉस्टेलवर बसून सारखी खटपट करू नकोस. आणि हा फोन मी कुणाला हात लावू देत नाही. ओमनं 'साफ करून देऊ का' विचारलं, मी त्याच्या हातातून काढून घेतला.

रविवारचं लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तू म्हणालीस, ओटीपी आबांच्या नंबरवर गेला, तो नंबर आता ज्याच्याकडं असेल त्याला फोन कर आणि मागून घे. मी नाही म्हटलं. मग तू म्हणालीस, तुला एवढा एक नंबर सांभाळता आला नाही. मी म्हटलं, खातं तुझं, तू का नाही सांभाळलंस. फोन चोरीला गेलेली पोर, त्यात रात्रपाळी करून आलेली, आणि मी असं बोलले. माझा शब्द मागं घेते. तुझा शब्द राहू दे, तो खरा आहे.

ह्यांचं, तुझ्या आबांचं, सगळं झाल्यावर दीड वर्ष मी तो नंबर चालू ठेवला होता. महिना संपत आला की दुकानात जाऊन रिचार्जला दोन नंबर सांगायचे. मग तुझ्या तिसऱ्या वर्षाची फी आली, ओमची सायकल आली, आणि एका महिन्यात मी एकच नंबर सांगितला. दुकानदारानं विचारलं, दुसरा? मी म्हटलं, पुढच्या वेळी. पुढच्या वेळीही नाही. नंबर ९० दिवस वापरला नाही, त्यात पैसेही नसले, की कंपनी तो बंद करू शकते. बंद झाल्यावर निदान ९० दिवस तो पडून राहतो, मग कुणाला तरी नवा म्हणून मिळतो. हे मला आत्ता कळलं. तेव्हा वाटलं होतं, नंबर म्हणजे बोलायची वस्तू, त्यावर आता कोण बोलणार? गॅसचं आणि बँकेचं मी बदलून घेतलं होतं. तुझं ईमेल त्याच नंबराला बांधलेलं आहे हे डोक्यातच आलं नाही. तुला तेव्हा सांगितलंही नाही. तुला वाटलं असतं, आईनं तेवढ्यासाठी हात आखडला.

खरं तर हे मला कळायला हवं होतं. आमच्या अंगणवाडीत दर महिन्याला हेच बघते. घरी न्यायचा पोषण आहार घ्यायला बाई येते, कडेवर पोर असतं, आणि आधारला नंबर असतो मुंबईत हमाली करणाऱ्या नवऱ्याचा. ओटीपी तिकडं जातो. तो कामावर, फोन बॅगेत. बाई उंबऱ्यावर बसून राहते. मी तिला म्हणते, बाई, आपला नंबर आपल्या नावावर घे, आणि तोच सगळीकडं दे. किती जणींना सांगितलं असेल. माझ्या पोरीला सांगायचं राहिलं.

नंबराचं आता पुन्हा लिहीत नाही.

ते खातं निघालं तो दिवस तुला आठवतो का? २०१८ चा जून. दहावीचा निकाल लागला होता आणि अकरावीच्या फॉर्मसाठी तालुक्याला त्या केंद्रावर जायचं होतं. आबांनी एम-८० काढली, तू मध्ये, मी मागं, गुणपत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या पोटाशी. ओढ्यापाशी पावसानं गाठलं. केंद्रावर त्या मुलानं विचारलं, मेल आयडी काय? आबा म्हणाले, नाही, बनवून टाका. त्यानं दोन मिनिटांत बनवलं. तुझं नाव, पुढं जन्मसाल. पासवर्ड तुझं नाव, ॲट, एक दोन तीन. सगळ्या पोरांना तो तसाच द्यायचा, आणि एका जाड वहीत लिहून ठेवायचा, पोरं विसरून परत येतात म्हणून. अर्ध्या तालुक्यातल्या पोरांच्या किल्ल्या त्या वहीत होत्या आणि आम्हाला ती सोय वाटली. नंबर विचारला तर घरात फोन एकच, म्हणून ह्यांचा. येताना ओढ्याच्या अलीकडं गाडी थांबवून आबा म्हणाले, "सोनूला तिचा स्वतःचा पत्ता झाला." आपल्या घराला अजून 'सोसायटीच्या मागे' असंच लिहून पत्र येतं, म्हणून त्यांना त्याचं फार वाटलं. दुधाच्या हिशेबाच्या डायरीत त्यांनी तो पत्ता लिहून घेतला. डायरी आहे माझ्याकडं. पहिल्यांदा त्यांनी ॲटच्या चिन्हाला नुसता गोल काढलाय, मग खोडून शेपूट जोडलीय.

असो. तू पासवर्ड नंतर बदललास की नाही? बदलला असशीलच. नसशील तर या वेळी पहिलं काम ते. नाव नको, जन्मतारीख नको, ओमचं नाव नको. चार-पाच एकमेकांशी संबंध नसलेले शब्द घे, तुझ्या डोक्यात राहतील असे. बँकेला वेगळा, ईमेलला वेगळा. मग सेटिंगमध्ये जाऊन बघ की तुझं मेल आणखी कुठल्या पत्त्यावर आपोआप पुढं जातंय का, आणि कुठल्या कुठल्या फोनवर, कॉम्प्युटरवर खातं उघडं आहे. चोरीला गेलेला फोन त्या यादीत दिसेल, त्याला तिथूनच बाहेर काढ. तो फोन सरकारच्या संचार साथी साइटवर ब्लॉक केलास का? तक्रारीची पावती जपून ठेव. कुणी गूगलमधून बोलतोय म्हणून फोन करून कोड मागितला तर द्यायचा नाही. पैशाचं काही झालं तर सायबर फसवणुकीच्या १९३० ला लगेच फोन, दुसऱ्या दिवशी नाही.

वाचून वैतागलीस ना. आयसीयूत रात्रभर माणसं सांभाळणाऱ्या पोरीला मी पासवर्ड कसा ठेवायचा ते शिकवतेय. माफ कर. तुझ्या हाताखाली किती यंत्रं असतात ते मी त्या फोटोत बघितलंय. पण मला भीती वाटली की माझे हात थांबत नाहीत, एरवी भांडी घासते. या वेळी पत्र लिहितेय.

आता जे लिहायला सगळ्यात जड आहे ते. फोन चालू झाल्यावर वरून धडाधड मेल उतरायला लागले. मी बघत नव्हते. पण एकावर मॅक्स म्युलर भवन असं दिसलं आणि मला वाटलं, पुण्यातली कुठली तरी कंपनी असेल, महत्त्वाचं असेल. उघडलं. जर्मन भाषेच्या बी-वन परीक्षेचं होतं. तुझं नाव, तारीख, वेळ. मग मी फोन पालथा ठेवला आणि दुसरं एकही उघडलं नाही, तुझ्या आबांची शपथ. तरी एक उघडलं ते उघडलंच. तुझ्या नावाचं पत्र तुझ्याआधी मी वाचायला नको होतं.

तू जर्मन शिकतेयस हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. राग नाही गं. आपल्या राज्य सरकारनं २०२४ साली तिथल्या एका राज्याशी करार केला होता, नर्सेसची तिकडं फार गरज आहे, ते पर्यवेक्षिका बाई मीटिंगमध्ये म्हणाल्या होत्या. तेव्हाच माझ्या मनात तू आली होतीस आणि मी तो विचार लगेच बाजूला सारला. आता बघते तर तू निम्मी वाट चालून गेलीस. आपल्या घरात इंग्रजीची भीती वाटायची आणि माझी पोर जर्मन शिकतेय. त्या रात्री मला झोप आली नाही. आनंदानं की कशानं ते सांगता येत नाही. ओमला विचारलं, तिकडं किती वाजलेले असतात? तो म्हणाला, उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, थंडीत साडेचार. म्हणजे मी सकाळी सडा टाकते तेव्हा तू झोपलेली असणार. आबांच्या आत्या गिरणगावात गेल्या, त्यांना चार-चार वर्षं गावाचं तोंड दिसलं नाही. ती गोष्ट आत्ता कशाला आठवली कोण जाणे.

पण म्हणूनच नंबराचं पुन्हा लिहावं लागतंय. तिकडं गेलीस की तिकडचं सिम घेशील. इथल्या नंबरला कोण रिचार्ज करणार? मी करीन, पण माझं तू बघितलंयस. एकदा विसरले की पुन्हा तेच. आणि तेव्हा तू हॉस्टेलवर नाही, सात समुद्रापलीकडं असशील. तुझा करार, तुझा व्हिसा, सगळं त्या मेलवर येणार. म्हणून नुसत्या नंबरावर राहू नकोस. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारं कुलूप, चालू केलंस की गूगल मागितल्यावर दहा कोड देतं, प्रत्येक आठ आकडी. एक कोड एकदाच चालतो. फोन नसला, नंबर नसला तरी त्यानं पासवर्डनंतरचा दरवाजा उघडतो. ते कागदावर हातानं लिही. फोटो काढू नकोस, फोटो त्याच फोनमध्ये राहतो. एक कागद तुझ्या पासपोर्टबरोबर, एक माझ्याकडं. ट्रंकेत मंगळसूत्राच्या डबीखाली ठेवीन. पासवर्ड मला सांगू नकोस. नुसत्या कोडनं मला काही उघडता येणार नाही, आणि तसंच हवं.

पहिल्यांदा मला वाटलं होतं, आबांच्या जागी माझाच नंबर टाक म्हणावं. म्हणजे तू कुठं अडलीस की इथं कोड येईल, मला कळेल. दोन दिवस तेच मनात घोळत होतं. मग कळलं की हे तुझ्या सोयीचं नाही, माझ्या सोयीचं आहे. तुझाच नंबर टाक. जुना काढून टाकल्यावरही सात दिवस गूगल कधी कधी जुन्याच नंबरवर कोड पाठवायचं विचारतं, म्हणून हे काम परीक्षेच्या आदल्या दिवशी काढू नकोस.

जागेचं एक राहिलं. फुकटचे १५ जीबी असतात, मेल, फोटो, ड्राइव्ह सगळं मिळून. तुझे १४ च्या वर गेलेत, ते वरच लाल अक्षरात दिसत होतं. भरलं की येणारी मेल परत जातात, ती जर्मनीची असली तरी. कॉलेजचे व्हिडिओ काढून टाक. आबांचे, त्या बैलपोळ्याचे आणि दवाखान्यातले आहेत ते मात्र आधी पेनड्राइव्हवर घे. दोन पेनड्राइव्ह आणायला ओमला पैसे दिलेत. नवा पत्ता काढायचा असला तर पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच घे, जन्मसाल नको. पण जुनं खातं मिटवू नकोस. एकदा मिटवलं की तो पत्ता पुन्हा दुसऱ्या कुणालाच मिळत नाही, आणि फार दिवस गेले तर तुलाही मिळेलच असं नाही. नर्सिंग कौन्सिल, बँक, डिजिलॉकर, सगळीकडं तोच आहे. आणि तो आबांनी लिहून घेतलेला आहे.

एक लपवलं होतं, ते सांगून टाकते. मी रविवारी म्हटलं की त्या नंबरवर फोन करणार नाही. मी केला होता. आत्ता नाही, गेल्या दिवाळीत. ओटीपीसाठी नाही. कशासाठी ते नाही लिहिता येत. एका बाईनं उचलला. हिंदीत बोलली, मागं बाळ रडत होतं. मी म्हटलं, चुकून लागला. ती म्हणाली, कोई बात नहीं. अशा बाईला मी अनोळखी माणूस म्हणून फोन करून आकडे कसे मागणार होते? चोर असंच मागतात. तिनं ते देऊ नयेत असंच मला वाटतं.

फोन ठेवायच्या आधी बाळ किती महिन्यांचं ते विचारलं. आठ म्हणाली. मी म्हटलं, नऊ पूर्ण झाले की गोवरची लस असते, विसरू नका. ती म्हणाली, कार्ड पे लिखा है.

शनिवारी सुट्टी असेल तर स्वारगेटवरून सकाळची विट्याची गाडी धर. नवा फोन, आधार आणि चोरीच्या तक्रारीची पावती घेऊन ये. ओम स्टँडवर येईल. फोन चार्जिंगलाच आहे.

तुझी,
आई

ता. क. डब्यात खाली कागदात शेंगदाण्याची चटणी आहे, ती उन्हात ठेवू नकोस. आणि जर्मनमध्ये 'आई' कशाला म्हणतात ते येशील तेव्हा सांग. ओम सांगत होता, मी त्याला गप्प केलं.