खिडकी बंद झाली रे

मित्रा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर बोललो नव्हतो, पण आमची तिकीट खिडकी गेल्या महिन्यात बंद झाली. चौघांतल्या दोघांना घरी बसवलं, एकाने स्वतःच राजीनामा टाकला, आणि मी उरलो तर मला कुठे उभं केलंय माहितीये? मशीनच्या शेजारी. ज्या मशीनने खिडकी खाल्ली तीच लोकांना शिकवायची, म्हणजे मी जितकं चांगलं शिकवीन तितका लवकर घरी जाणार, हसू का रडू सांग.

तसं हे आजचं नाहीच. जपानमध्ये कितासेन्री स्टेशनवर 1967 सालीच ऑटोमॅटिक गेट लागले होते, लंडनच्या बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेत नाहीत आणि 2015 मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेच्या खिडक्यापण गेल्या. कार्ड टेकवलं की झालं, सुट्ट्यांवरून भांडण नाही. खोटं कशाला बोलू, रात्री कॅश जुळत नाही म्हणून तासभर डोकं धरून बसायचो, त्याची मला अजिबात आठवण येत नाही.

पण परवा एक आजोबा आले, बोटं थरथरत होती, स्टेशनचं नाव सापडेपर्यंत स्क्रीन परत पहिल्या पानावर, असं तीनदा. चौथ्यांदा मी नुसतं कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेवर मधूनमधून बोट टेकवत राहिलो, स्क्रीन जागी राहावी म्हणून, आणि तिकीट त्यांनी स्वतः काढलं. मग गाडी कुठे बदलायची, शेवटची चुकली तर काय, सगळं विचारून घेतलं, दहा मिनिटं गेली. रिपोर्टमध्ये ते तिकीट मशीनच्या नावावर लागलं, माझ्यापुढे शून्य. साहेबांना मोजता येतं ते तिकीट, बाकीचं काम कुठल्या रकान्यात टाकणार?

इंग्लंडमध्ये 2023 ला रेल्वेच्या खिडक्या बंद करायचं ठरलं तेव्हा साडेसात लाखांच्या आसपास लोकांनी आपलं म्हणणं लिहून पाठवलं, अपंग प्रवाशांचं काय हा त्यात मोठा मुद्दा होता, आणि ऑक्टोबरअखेर सरकारने तो बेत सोडून दिला. आम्हाला तर नोटीस लागली तेव्हाच कळलं, प्रवाशांना विचारायचं लांबच.

असो. माझं कॉन्ट्रॅक्ट अजून चार महिने आहे. तुझ्या गोडाऊनमध्ये हिशोबाचं काही निघालं तर शब्द टाकून ठेव, रात्रपाळी असली तरी चालेल. घरी अजून बोललो नाहीये, तेवढं जपून.

तुझाच