पिशवीतल्या पुस्तकांबद्दल

पणजी, बुधवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. पण बाबा दोन वाक्यांत "थांब, आईकडे देतो" म्हणतात, आई "जेवलीस?" विचारते आणि विषय तिथेच बुडतो. आपलं बोलणं कोंकणीत आणि पत्रं मराठीत. अवघड गोष्टी मला अजून पत्रातच जमतात.

बाबा, रागावू नका. वाड्यावरच्या वाचन मंडळासाठी तुम्ही दिलेली यादी मी बदलली, आणि शेजारच्या काकूंना तसं कळवूनही टाकलं. तुमची निवड वाईट होती असं नाही. पण आठशे पानांची कादंबरी, आणि तिसऱ्याच पानावर पहिलं मरण! आषाढातल्या त्या दिवसानंतर आई मोठ्याने हसलेली मी ऐकलेली नाही. मंडळात पोफळीच्या झाडासारखी ताठ माणसं आहेत हे खरं, पण त्यातल्या निम्म्यांच्या घरी गेल्या दोन वर्षांत काही ना काही झालंय.

म्हणजे मी गोडगोड काहीतरी आणलं असं समजू नका. 'सकारात्मक राहा' सांगणारी पुस्तकं मलाही पचत नाहीत. उभारी ज्याला गरजच नाही तोच ती लिहितो, असं मला वाटतं. मी शोधली ती सोसलेल्या माणसांची पुस्तकं, ज्यांना सोसूनही स्वतःवर हसता आलं किंवा कामाला लागता आलं.

आईसाठी 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाईंचा संसार किती वेळा मोडला! त्यांच्या यजमानांनी, ना. वा. टिळकांनी, १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा तर सगळंच तुटलं होतं. पण बाई सांगतात कशा, तर ओसरीवर बसून तांदूळ निवडताना सांगावं तशा. वडिलांच्या सोवळ्याचे किस्से आधी वाचा. आई, तुला आजीच आठवेल.

बाबांसाठी 'एक होता कार्व्हर'. १९८१ चं पुस्तक, वीणा गवाणकरांचं. त्या स्वतः ग्रंथपाल, म्हणून मला जरा जास्तच जवळच्या वाटतात. गुलामीत जन्मलेला पोर मोठा होऊन कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीत भुईमूग लावायला शिकवतो. कुळागराच्या मातीवरून तुम्ही माझ्याशी जेवढं बोललात तेवढं माझ्या लग्नाबद्दलही बोलला नाहीत, तेव्हा हे तुम्हाला आवडणारच.

तिसरं महादेवशास्त्री जोशींचं 'आत्मपुराण'. आपल्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे ते. गोवा मुक्तीच्या लढ्यात १९५५ मध्ये म्हापशाला पकडल्या गेलेल्या सुधाताईंबद्दल आजी सांगायची ना, त्यांचे यजमान. हे वाचताना प्रत्येकाला आपल्या घरातलं काहीतरी सांगावंसं वाटेल.

पुस्तकं पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली, माझ्या आणि मैत्रिणीच्या कार्डावर घेतलेली. ते मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होतं तेव्हा बाबा मला दाराशी उभी करून आत जायचे आणि मी भिंतीवरच्या निळ्या फरशांची चित्रं बघत राहायचे. यायला उशीर झाला की वाटायचं, बाबा एखाद्या पुस्तकात शिरले आणि आता परत येत नाहीत. तुम्ही यायचात आणि खिशातून शेंगदाण्याचा लाडू काढायचात. बाबा, ते लाडू मिळायचे कुठे?

असो. आता ऐका. बैठक यापुढे आपल्या सोप्यावर, म्हणजे आईला देवळाच्या पायऱ्या चढायला नकोत. डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नाही, तेव्हा तिने वाचायचं नाही, ऐकायचं. वाचायचं बाबांनी, एका वेळी दोन प्रकरणं, आणि मध्ये भाषण न करता. माळ्यावरच्या खुर्च्या काढायला स्टुलावर चढायचं नाही, पोदेराचा मुलगा सकाळी पाव घेऊन येतो त्याला सांगा. डोळ्यातले थेंब वेळच्या वेळी. भजी वर्ज्य. काकू आणतील, पण तुम्ही नुसता चहा घ्या, बाबांचा बिनसाखरेचा. वीज जाईल, इन्व्हर्टर मी बघून घेतलाय.

या शनिवारी मला येता येत नाही. खरंच येत नाही, टाळत नाहीये.

पानं दुमडू नका. आई, खुणेला जायांच्या माळेचा दोरा ठेव, पूर्वी ठेवायचीस तसा.

तुमची,
बाय

ता. क. बाबा, तुमची ती कादंबरीही आणलीय. पिशवीत अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. एकट्याने वाचा, पण आईच्या उशाशी ठेवू नका.