खिशातला चाकू घेताना

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला चाकूचा फोटो पाहिला. तो घेऊ नकोस. फोनवर एवढंच सांगून मोकळं व्हायला जिवावर आलं, म्हणून लिहितोय.

तुझा दिवस डोळ्यांपुढे आणून बघ. रोपवाटिकेत सुतळी तोडायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, ठिबकची नळी कापायची, दुपारी डब्याबरोबर कैरी चिरायची, हॉस्टेलवर आलेल्या पार्सलची टेप फाडायची. यातल्या एकाही कामाला सहा-सात सेंटिमीटरच्या वर पातं लागत नाही. फोटोतल्या चाकूचं पातं त्याच्या दीडपट आहे, आणि मुठीकडच्या अर्ध्या भागाला करवतीसारखे दात आहेत. ते दात काथ्याच्या दोरीवर चांगले चालतात, पण आपल्या साध्या दगडावर त्यांना धार लावता येत नाही. शिवाय जोर लावून कापायची जागा नेमकी मुठीजवळची असते, आणि तीच त्या दातांनी अडवलेली. त्याहून मला खटकली ती त्याची चर्या. रोपवाटिकेतल्या बायकांसोबत जेवायला बसलीस, पेरू चिरायला तो काढलास, की सगळ्या आधी चाकूकडे बघतील. रोज वापरायचा चाकू चारचौघांत उघडला तरी कुणी मान वळवून बघू नये असा असावा.

आता आपल्या हवेचं. समुद्रावरून येणारं खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस यात लोखंड कसं टिकतं हे तू लहानपणापासून पाहतेस. आपल्या गेटच्या बिजागऱ्या दर दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागतात. साध्या कार्बन पोलादाच्या पात्याला धार लवकर लागते आणि सुरेख लागते, म्हणून कोयती त्याचीच बरी. पण कैरी किंवा कोकम कापून तसंच ठेवलं तर तासाभरात ते काळं पडतं आणि ओल्या खिशात रात्रभर राहिलं तर गंजतं. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर पृष्ठभागावर बसतो आणि तोच गंज अडवतो. मीठ मात्र या थरालाही भोकं पाडतं. पहिले ठिपके पात्यावर दिसत नाहीत, ते सांध्यात पडतात, जिथं खारं पाणी साचून राहतं. तेव्हा स्टेनलेसच घे, पण समुद्रावर गेलीस की घरी येऊन गोड्या पाण्याने धुवायचा, उघडाच ठेवून पुरता वाळवायचा, हे कायम.

लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल तुला आवडेल हे मला माहीत आहे, कारण तो दिसायला खरंच देखणा आहे. 1890 पासून तो बनतोय. पातं जागेवर ठेवणारं त्याचं फिरतं कडं 1955 मध्ये आलं, आणि इतकी साधी, इतकी भरवशाची युक्ती मी दुसऱ्या चाकूत पाहिलेली नाही. पण त्याची मूठ बीच लाकडाची असते आणि दमट हवेत ती फुगते. आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये पातं मुठीत अडकून बसतं. मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकावं तेव्हा बाहेर येतं. दापोलीच्या पावसात हे रोजचं होईल. दिवाळीनंतर हौस म्हणून घे, पावसाळ्यात नको.

माझ्या मते तुला स्विस व्हिक्टोरिनॉक्सचा मधल्या मापाचा, मिटल्यावर 84 किंवा 91 मिलिमीटर भरणारा चाकू योग्य. हे लोक 1891 पासून स्विस सैन्याला चाकू पुरवतात. त्यांचं पोलाद मुद्दाम फार कठीण ठेवलेलं नसतं. धार जरा लवकर उतरते, पण दहा मिनिटांत परत लावता येते. घरच्या घरी धार लावणाऱ्या माणसाला हेच पोलाद सोयीचं. एक मोठं पातं, एक छोटं, स्क्रू ड्रायव्हर आणि कात्री एवढंच असलेला बघ. त्यातली कात्री तू सगळ्यात जास्त वापरशील. वीस अवजारांचा जाडजूड नको, तो खिशात ओझं होतो आणि मग हॉस्टेलच्या कपाटात राहतो. नकला फार निघाल्यात, म्हणून दुकानात हातात घेऊनच बघ. पातं उघडताना आणि मिटताना ठसक्यात जागेवर बसलं पाहिजे, आडवं हलता कामा नये, आणि मिटल्यावर टोक मुठीत पूर्ण बुडालेलं हवं. नाहीतर खिसा फाटतो आणि बोटही.

या चाकूचं पातं उघडल्यावर कुलूपबंद होत नाही, फक्त स्प्रिंगच्या दाबावर राहतं. म्हणून टोकाने कधी भोसकायचं नाही. नारळाचा डोळा फोडायला किंवा डब्याचं झाकण उचकटायला गेलीस तर पातं बोटांवर मिटतं. शहाळ्याला कोयती, मासळीला विळी, आणि कलमाला कलमाचाच चाकू. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार असते, कारण काप सपाट आला तरच खालच्या खुंटाच्या आणि वर बांधायच्या काडीच्या सालीखालचा जिवंत थर एकमेकांना चिकटतो. त्याने सुतळी तोडलीस की धारेला खाचा पडतात आणि कोय कलमं फुकट जातात. तो वेगळ्या पिशवीत असू दे, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटने पुसत जा.

तुझ्या मावशीने सांगितलं, मुलीच्या जातीला स्वतःच्या रक्षणासाठी चाकू असावा. तिची काळजी मला कळते, तीच माझीही आहे. पण बाय, त्या हिशेबाने चाकू जवळ ठेवू नकोस. झटापटीत चाकू हातातून जातो आणि समोरच्याच्या हाती लागतो. मिटलेला चाकू उघडायला दोन हात आणि थोडी सवड लागते, त्या वेळी दोन्ही नसतात. अंधार पडायच्या आत परत ये, एकटी असलीस तर कुणाला तरी कळवून निघ, आणि तशी वेळ आलीच तर पळ, ओरड, 112 लाव. चाकू पिशवीतून काढायचाच नाही. याबाबतीत माझं ऐक.

कायद्याचंही सांगतो. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा विचार आहे, आणि घरगुती व शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. त्या हिशेबाने तुझा चाकू कुठेच बसत नाही. पण सणावारी, निवडणुकीत जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतो, त्यात चाकू बाळगण्यावरही बंदी घालता येते. शिमग्याच्या किंवा मिरवणुकीच्या गर्दीत जाताना तो खोलीवरच ठेव. खटका दाबल्यावर पातं उडणारा चाकू मात्र कुठल्याच मापाचा घेऊ नकोस. विमानाने जायचं झालं तर तो हातातल्या बॅगेत चालत नाही, तपासून आत दिलेल्या सामानात ठेव.

धारेचं आता थोडक्यात. दारावर येणाऱ्या चाकवाल्याकडे देऊ नकोस. कोरड्या चाकावर पातळ पातं तापतं, निळं पडतं, आणि निळं पडलेल्या जागी पुन्हा धार टिकत नाही. हजार नंबरचा दगड पाण्यात भिजव. पातं 12 मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून 4 मिलिमीटर उचललेली ठेव, म्हणजे साधारण वीस अंशांचा कोन येतो. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूच्या धारेवर नखाला बारीक कड लागेपर्यंत. मग बाजू बदल. शेवटी हात हलका करत ती कड काढून टाक. वर्तमानपत्राचा कागद न अडखळता कापला गेला की झालं.

सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल तिथं घालू नकोस, ते चिकट होऊन वाळू धरतं. पात्याला मात्र खोबरेलच लाव, आपण त्याने खायचं कापतो. फणस कापायच्या आधी तर लावच, चीक धरत नाही. आणि चामड्याच्या म्यानात घालून पावसाळाभर ठेवू नकोस, चामडं ओल धरतं.

दगड विकत घेऊ नकोस. घरात दोन आहेत, त्यातला बारीक दाण्याचा पुढच्या आठवड्यात एसटीच्या पार्सलने पाठवतो. तू चाकू घेतलास की त्याचा उघडलेला फोटो पाठव, पातं मधोमध बसतंय का ते बघून सांगतो. बसत नसेल तर बिल जपून ठेवलेलं असू दे, बदलून घेता येईल.

आई म्हणतेय कोकम सरबताची बाटली पण त्याच पार्सलमध्ये घालते. मी नको म्हटलं, दगडाने फुटेल. ती वेगळी येईल.

तुझे
बाबा